सहा वर्षांनी उरतं काय? माइंडफुलनेस संशोधनाची एक गोष्ट

सिनॉप्सिस लिहिताना ‘दीर्घकालीन परिणाम’ हे शब्द आपण फार सहज टाकतो. मीही टाकले होते, आणि खाली फॉलो-अप होता तीन महिन्यांचा. गाइडनी काही न बोलता त्या शब्दांभोवती लाल गोल केला. तेव्हापासून या विषयातला कुठलाही पेपर उघडला की मी आधी दोनच गोष्टी बघतो: किती काळ, आणि तुलना कोणाशी?

सुरुवात १९७९ ची. एमआयटीमधून मॉलिक्युलर बायॉलॉजीत पीएचडी केलेले जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये रुग्णांसाठी एक कोर्स सुरू केला. त्यात विपश्यना, झेन आणि हठयोग यांतलं थोडं थोडं होतं. पुढे तो आठ आठवड्यांचा कोर्स म्हणून जगभर पसरला. १९८२ च्या पेपरात जुनाट वेदनेचे ५१ रुग्ण आहेत. त्यातल्या ६५ टक्के लोकांची वेदना किमान एक तृतीयांशाने कमी झाली. आकडा झकास आहे, पण कंट्रोल ग्रुपच नाही. आता विचार करा, माणूस अशा कोर्सला कधी येतो? दुखणं अगदी असह्य झालं की. त्यानंतर काहीही केलं नाही तरी ते थोडं उतरण्याची शक्यता असतेच.

१९९५ मध्ये चिंताविकाराच्या रुग्णांचा तीन वर्षांनंतरचा फॉलो-अप आला. मूळचे २२, सापडले १८, आणि त्यांची सुधारणा टिकून होती. इथेही तुलनेला कोणी नाही. आणि ते उरलेले चार?

मग वेटिंग लिस्टचा उपाय आला: निम्म्यांना कोर्स आज, निम्म्यांना नंतर. हे सोपं आहे आणि नैतिकदृष्ट्याही बरं वाटतं. पण नीट बघा, दुसऱ्या गटाने कोर्स केला की तुलनाच संपते. म्हणजे वेटिंग लिस्ट घेऊन वर्षानुवर्षांचा प्रश्न विचारताच येत नाही.

तुलना बदलली की निष्कर्ष कसा बदलतो तेही बघू. २००० मध्ये टीसडेल, सीगल, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी नैराश्यातून बरे झालेल्या १४५ जणांवर प्रयोग केला. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांत ६० आठवड्यांत ते परत येण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होतं, माइंडफुलनेस गटात ३७. मात्र २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये ४२४ रुग्णांवर तुलना झाली ती चालू ठेवलेल्या औषधांशी. २४ महिन्यांनी आकडे आले ४४ आणि ४७ टक्के. म्हणजे फरक जवळपास नाहीच. पद्धत तीच, फक्त समोरचा गडी बदलला!

आता माझा आवडता अभ्यास. नॉर्वेत ऑस्लो आणि ट्रॉम्सो इथल्या मेडिकल व मानसशास्त्राच्या २८८ विद्यार्थ्यांचे यादृच्छिकपणे दोन गट केले. १४४ जणांना सात आठवड्यांत १५ तासांचं प्रशिक्षण आणि नंतर सहामाही उजळणीचे चार वर्ग. उरलेल्या १४४ जणांचा नेहमीचा अभ्यासक्रम. २०१८ च्या पेपरात सहा वर्षांनंतरचे निकाल आहेत. प्रशिक्षण घेतलेल्यांचं स्वास्थ्य वाढलं होतं, अडचण टाळण्याऐवजी तिला भिडण्याची सवयही वाढली होती. गंमत म्हणजे नियमित सराव करणारे त्यांच्यात फारसे नव्हते.

मग टिकलं ते काय? ध्यान? सात आठवडे एकत्र बसलेली मुलं? की प्रश्नावली भरताना कोर्सची भाषा त्यांच्या ओळखीची झाली होती? त्याच मुलांना सात आठवडे गाणं शिकवलं असतं तर काय दिसलं असतं, हे त्या डेटातून कळणार नाही, कारण तसा गटच नव्हता.

माझ्या नव्या सिनॉप्सिसमध्ये तो तिसरा गट आहे. नमुना दीडपट झालाय, आणि एवढी माणसं दोन वर्षं धरून कशी ठेवणार, असा गाइडचा प्रश्न आहे. सध्या फोन नंबर बदलले तर काय करायचं, याचा एक तक्ता करतोय.