बोर्डिंगची पोरं सध्या काय करतात?

ज्यांना लोकलच्या गर्दीत हा भाग ऐकता आला नाही, त्यांच्यासाठी हे लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजची गोष्ट इतिहासाची आहे, पण ती सुरू होते एका गूगल फॉर्मपासून.

मी पाचवी ते दहावी बोर्डिंगमध्ये होतो, कर्जत तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या वसतिगृहात. वडील खोपोलीला कारखान्यात शिफ्टमध्ये, घरी अभ्यास घेणारं कोणी नाही, म्हणून पत्र्याची पेटी आणि एक वळकटी घेऊन तिथे जाऊन पडलो. आमच्यात कातकरी वाडीतली पोरं होती, ठाकरवाडीतली होती, माझ्यासारखी कामगारांचीही होती. पुढे मी बीटेक केलं आणि आता ऐरोलीत कोड लिहितो. त्यामुळे यंदा आमच्या बॅचचं स्नेहसंमेलन ठरलं, तेव्हा ग्रुपवर सगळ्यांनी एकमताने ठरवलं, "माहिती गोळा करायचं काम इंजिनिअरकडे."

मी दहा मिनिटांत फॉर्म बनवला. नाव, शिक्षण, कंपनी, पद, शहर, 'उल्लेखनीय यश'. उत्तरं धडाधड आली. एक जण पोलीस भरतीत लागला, एकीने नर्सिंग करून पनवेलला नोकरी धरली, एकाचं कर्जत स्टेशनबाहेर मोबाईलचं दुकान आहे, एक जण दुबईला. छान वाटत होतं. फक्त माझ्या बाजूच्या खाटेवर सहा वर्षं झोपलेल्या दोस्ताचं नाव यादीत नव्हतं. तो खालापूर तालुक्यातल्या एका ठाकरवाडीचा.

फोन लावला. म्हटलं, "अरे, फॉर्म भर की."

"दोनदा भरला. जातच नाही पुढे."

"काय दाखवतो?"

"लाल अक्षरात काहीतरी येतं, कंपनीच्या खाली."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'कंपनी' आणि 'पद' हे दोन्ही रकाने मी सक्तीचे करून ठेवले होते. ते भरल्याशिवाय फॉर्म जमाच होत नव्हता. मी म्हटलं, "मग 'इतर' लिही ना." तो हसला आणि म्हणाला, "इतरच लिहीत आलोय रे सगळीकडे. राहू दे, मी संमेलनाला येतो, जेवण वाढायला."

ते वाक्य मला टोचलं. त्या आठवड्यात मी कर्जत लोकलमध्ये रोज बोर्डिंगांच्या इतिहासाबद्दल मिळेल ते वाचत बसलो. आणि माझ्या लक्षात आलं, महाराष्ट्रात ज्यांच्यामुळे बोर्डिंगं उभी राहिली, त्यांतल्या सगळ्यात मोठ्या माणसालासुद्धा माझा फॉर्म भरताना अडचणच आली असती.

जरा मागे जाऊया. १९०१ साल, कोल्हापूर. खेड्यातल्या पोराला पुढे शिकायचं तर शहर गाठावं लागे. पण शहरात राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? फी माफ केली तरी पोटाचा प्रश्न सुटत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी हा प्रश्न ओळखला. त्या वर्षी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं, जैन बोर्डिंगही त्याच साली. मग १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. बघता बघता एका संस्थानात वेगवेगळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लागली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात, ते उगाच नाही.

यातल्या जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक पोरगा राहायला आला. जन्म १८८७ चा, अंगाने दांडगा, कुस्तीचा शौकीन, अभ्यासात जेमतेम. असं सांगतात की मिस क्लार्क बोर्डिंगच्या कार्यक्रमाला तो गेला, आणि परत आल्यावर 'आंघोळ केल्याशिवाय जेवायला मिळणार नाही' असं त्याला सांगण्यात आलं. त्याने आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. मॅट्रिकही झालं नाही. पुढे साताऱ्यात शिकवण्या घेतल्या, ओगल्यांचे कंदील विकले, किर्लोस्करांचे नांगर विकले.

हा भरा माझ्या फॉर्ममध्ये. शिक्षण: मॅट्रिक नाही. कंपनी: बदलत्या. पद: विक्रेता. उल्लेखनीय यश: बोर्डिंगमधून बाहेर काढलं.

हे भाऊराव पाटील. आपले कर्मवीर.

त्यांची अजून एक गोष्ट सांगितली जाते. तरुणपणी त्यांना वर्गाच्या बाहेर बसून शिकणारा एक मुलगा दिसला. अस्पृश्य, म्हणून बाहेर. भाऊरावांनी त्याला सोबत घेतलं आणि कोल्हापूरला नेऊन मिस क्लार्क बोर्डिंगमध्ये सोडलं. त्या मुलाचं नाव ज्ञानदेव घोलप. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० मध्ये 'मूकनायक' सुरू केलं. त्याच वर्षी ते शिकायला पुन्हा लंडनला गेले, तेव्हा संपादकाची जबाबदारी घोलपांकडे आली. पुढे ते मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्यही झाले. वर्गाबाहेर बसवलेला मुलगा थेट कायदेमंडळात!

आता विचार करा, हे 'यश' कोणाच्या खात्यावर टाकायचं? घोलपांच्या तर नक्कीच. पण ज्याने हात धरून बोर्डिंगच्या दारापर्यंत नेलं, त्याच्यासाठी फॉर्ममध्ये रकाना कुठे आहे?

भाऊराव तिथे थांबले नाहीत. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग काढलं. कोल्हापुरात जातीनुसार बोर्डिंगं होती. साताऱ्यात त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली, आणि एका पंक्तीला बसवली. त्या काळात हे केवढं धाडस होतं, ते आंघोळीच्या किश्श्यावरून कळतं. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते या बोर्डिंगला छत्रपती शाहूंचं नाव देण्यात आलं. पोरं स्वतः काम करायची आणि शिकायची. तरीही धान्य संपायचं. मग भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई दागिने मोडायच्या. शेवटी मंगळसूत्रसुद्धा पोरांच्या जेवणासाठी गेलं. १९३० मध्ये त्या वारल्या. लक्ष्मीबाई कुठल्याच बोर्डिंगच्या माजी विद्यार्थिनी नव्हत्या, म्हणजे माझ्या फॉर्मची लिंक त्यांना गेलीच नसती.

याच शाहू बोर्डिंगमध्ये पी. जी. पाटील वाढले. ते इंग्लंडला जाऊन बॅरिस्टर झाले. बॅरिस्टर झाल्यावर मुंबईत वकिली करून भरपूर कमावता आलं असतं. ते परत आले आणि रयतच्याच कामात राहिले. पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. लोक 'कुलगुरू' हा शब्द लक्षात ठेवतात. मला त्यातलं 'परत आले' जास्त मोठं वाटतं.

आता साताऱ्याहून घाट उतरून आपल्याकडे येऊ. आपल्या कर्जत-खालापूरच्या डोंगरवाड्यांमध्ये बोर्डिंगचं काम प्रामुख्याने आश्रमशाळा करतात. महाराष्ट्र सरकारची आश्रमशाळा योजना १९७२-७३ पासूनची. आज राज्यात सुमारे ५०० शासकीय आश्रमशाळा आहेत, शिवाय संस्थांच्या अनुदानित वेगळ्या. आपल्या जिल्ह्याचा कारभार पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयातून चालतो.

इथे बोर्डिंग का लागतं, हे मुंबईकर मित्रांना समजावून सांगावं लागतं. दिवाळी झाली, भात घरात आलं, की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर निघतात. सहा-सात महिने तिकडेच. पोरं बरोबर गेली की शाळा सुटली. म्हणजे शाळा जवळ असूनही उपयोग नाही, पोराला मागे राहता आलं पाहिजे. त्यासाठी छप्पर, ताट आणि रात्री विचारपूस करणारं माणूस लागतं. १९०१ चा कोल्हापूरचा प्रश्न अजून तोच आहे, फक्त जागा बदललीय.

मी आश्रमशाळांची आरती ओवाळत नाहीये. तिथल्या मुलांच्या मृत्यूंची चौकशी करायला राज्याला समिती नेमावी लागली होती, हेही खरंच आहे. पण त्याच आश्रमशाळांमधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोरांची टीम मे २०१८ मध्ये एव्हरेस्टवर गेली आणि पाच जण शिखरावर पोचले. ती बातमी सगळ्यांनी फॉरवर्ड केली. चढून गेलेल्यांची बातमी होते. वीटभट्टीवर न जाता दहावी झालेल्या पोरीची होत नाही.

आणि मग १९ जुलै २०२३ ची रात्र. इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी. गाडी जायला रस्ता नाही, पायवाटेनेच चढायचं. पावसात दरड कोसळली आणि वाडी गाडली गेली. २७ मृतदेह सापडले, ५७ जण बेपत्ता राहिले, आणि चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. वाडीतली काही मुलं वाचली, कारण ती त्या रात्री आश्रमशाळेत होती. बोर्डिंगने काय दिलं, या प्रश्नाला याहून थेट उत्तर मला माहीत नाही. त्या मुलांचं पुढे काय होतं, हा आपल्या तालुक्याचा प्रश्न आहे.

हे सगळं डोक्यात घेऊन मी दोस्ताला पुन्हा फोन केला. या वेळी फॉर्मचं नाव काढलं नाही. विचारलं, "जूनमध्ये काय करतोस रे तू?"

म्हणाला, "जूनमध्ये कुठला वेळ? वायरमनचं काम बंद ठेवतो आठ दिवस. भट्टीवरून माणसं आली की पोरांची ॲडमिशनं. कुणाचा जन्मदाखला नाही, कुणाचं आधार चुकलंय, जातीच्या दाखल्याला तहसीलला खेटे. मग आश्रमशाळेत सोडून येतो. पहिल्या रात्री रडतात, म्हणून थांबतो तिथेच. आपण नाही का रडलो?"

"यंदा किती?"

"अकरा. दोघं गणपतीत पळून आले, पुन्हा नेऊन सोडले."

मी थोडा वेळ काही बोललोच नाही. अकरा! आमच्या सगळ्या ग्रुपच्या पगारपत्रकांपेक्षा जड आकडा. आणि हे काम करणारा माणूस माझ्या फॉर्ममध्ये जमाच होत नव्हता.

त्या रात्री फॉर्म बदलला. 'कंपनी' आणि 'पद' यांची सक्ती काढली. एक नवीन प्रश्न टाकला: 'तुमच्या हाताला धरून शाळेत कोण आलं?' दोन मिनिटांचं काम होतं, खरं सांगतो. पण ज्यांनी आधी फॉर्म भरला होता, त्यातल्या काहींनी पुन्हा उघडून भरला. नर्स झालेल्या मैत्रिणीने लिहिलं, धाकटी बहीण आणि शेजारची एक मुलगी. दुबईवाल्याने तो रकाना रिकामा ठेवला आणि मला वेगळा मेसेज केला, "एका पोराचा खर्च मी देतो, कोणाला द्यायचा ते सांग." मी त्याला दोस्ताचा नंबर दिला.

दोस्ताचा फॉर्मही आला. 'उल्लेखनीय यश' पुढे त्याने फक्त एक टिंब दिलं होतं. खालच्या प्रश्नाला मात्र अकराच्या अकरा नावं, प्रत्येकासमोर इयत्ता.

संमेलनाला तो आला. जेवण वाढायला त्याला कोणी उठू दिलं नाही.

तुमच्याही शाळेचा ग्रुप असेल, तिथे कोणाच्या बढतीवर टाळ्यांचे इमोजी पडत असतील. पडू देत. फक्त ग्रुपमध्ये जो कधीच काही लिहीत नाही, त्याला आज एक फोन करा आणि जूनमध्ये तो काय करतो ते विचारा. भेटू पुढच्या भागात.