पच्चक्खाण आणि गोळी

पर्युषण जवळ आलं की आमच्या पांडेसऱ्यातल्या बायका एकमेकींना विचारतात, "काय मग, यंदा अठ्ठाई का?" पांडेसरा म्हणजे सुरतेतला डाइंग-प्रिंटिंग मिलांचा भाग. उधना स्टेशन हाताशी आणि तिथून जळगाव-भुसावळकडे जाणारी ताप्ती लाइन, म्हणून आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली. स्थानकात व्याख्यान ऐकून घरी येताना मराठी, गुजराती, मारवाडी, सगळं एकाच वाक्यात बोललं जातं. पण एक गोष्ट कुठल्याच भाषेत बोलली जात नाही. ती म्हणजे मनाच्या आजाराची गोळी.

मी ती घेत होते. आई गेल्यानंतर झोप उडाली, स्वयंपाकात मीठ घातलं की नाही हेही आठवेना, तेव्हा डॉक्टरांनी सुरू केली. वर्षभरात मी सावरले. मग पर्युषण आलं आणि मी अठ्ठाई धरली. आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसा. गोळी आपोआपच बंद झाली. डॉक्टरांना विचारलं नाही, घरात सांगितलं नाही. वाटलं, तपाने गोळीही सुटेल.

तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसल्यासारखं व्हायला लागलं. घेरी, मळमळ, रात्री चित्रविचित्र स्वप्नं, उगाच रडू. सगळ्यांनी म्हटलं, उपवासाचा अशक्तपणा आहे. मलाही तसंच वाटलं. पण पारणं झालं, मुगाचं पाणी पोटात गेलं, चार दिवस नीट जेवले, तरी झटके थांबेनात. शेवटी डॉक्टरांकडे गेले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "ताई, हा उपवास नाही, ही गोळी एकदम सोडल्याची प्रतिक्रिया आहे." गोळी परत सुरू केली आणि दोन-तीन दिवसांत डोकं शांत झालं.

तेव्हापासून या गोळ्यांचा इतिहास मी जमेल तसा वाचत गेले. त्याची एक वाट आपल्या मुंबईतूनच जाते. सर्पगंधा ही आपली जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात, सर्पगंधेने रक्तदाब उतरतो, हे रुग्णांच्या नोंदींसह मांडलं. पुढे १९५२ मध्ये तिच्यातून रेसरपीन वेगळं काढलं गेलं. ते घेणारे काही रुग्ण मात्र उदास होऊ लागले. या औषधाने मेंदूतलं सेरोटोनिन कमी होतं, असं प्रयोगांत दिसलं आणि उदासी व मेंदूतली रसायनं यांचा संबंध शोधण्याला जोर आला. 'रसायन कमी पडतं म्हणून उदासी येते' ही सोपी समजूत नंतर अपुरी ठरली, पण तिच्या मागोमाग पुष्कळ औषधं आली.

पहिली औषधं तर योगायोगानेच सापडली. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात १९५२ मध्ये क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देत होते, तेव्हा खंगलेली माणसं हसू-बोलू लागली. स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रामिनचा उदासीवरचा गुण १९५७ मध्ये जाहीर केला. आणि लक्षात घ्या, अवघ्या दोन वर्षांत, १९५९ मध्येच, इमिप्रामिन एकदम थांबवल्यावर मळमळ, डोकेदुखी, घेरी येते, अशा नोंदी छापल्या गेल्या होत्या. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. माझ्या जन्माआधीची आहे.

१९८७ च्या शेवटी अमेरिकेत फ्लुओक्सेटीनला परवानगी मिळाली आणि अशा गोळ्या घरोघरी पोचल्या. ते औषध शरीरातून सावकाश उतरतं. पॅरोक्सेटीन, व्हेन्लाफॅक्सीन लवकर उतरतात, म्हणून त्यांचा त्रास जास्त जाणवतो. १९९० नंतरच्या दशकात या त्रासाला 'औषध थांबवल्याची लक्षणं' असं सौम्य नाव रूढ झालं. त्रास सौम्य असतो, आठ-पंधरा दिवसांत जातो, असं बरीच वर्षं सांगितलं गेलं. ज्यांचा महिनोन् महिने गेला नाही, त्यांना 'तुमचा जुनाच आजार उलटला' असं ऐकावं लागलं. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये मान्य केलं की काहींना हा त्रास तीव्र आणि लांबलेला होतो. २०२४ च्या एका मोठ्या आढाव्यात असं दिसलं की गोळी थांबवणाऱ्या साधारण सहा-सात जणांत एकाला खरोखर औषधामुळे त्रास होतो. तीव्र त्रास थोड्यांनाच. म्हणजे घाबरायचंही नाही आणि हसण्यावारीही न्यायचं नाही.

दोन्हींतला फरक असा. सोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो, त्यात झटके, घेरी अशी आधी नसलेली लक्षणं असतात, आणि गोळी परत घेतली की तो लवकर शमतो. आजार उलटतो तो बहुधा हळूहळू, काही आठवड्यांनी. गोळी कमी करायची तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. थोड्याशा मात्रेचाही मेंदूवर बराच परिणाम असतो, म्हणून हा जिना उतरताना शेवटच्या पायऱ्याच जास्त उंच असतात. तिथे सर्वांत सावकाश उतरायचं. मला जवळजवळ वर्ष लागलं.

राहिला प्रश्न धर्माचा. एका वयोवृद्ध महासतीजींना मी भीतभीतच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "पच्चक्खाण घेताना आगार ऐकता ना? त्यातलं 'सव्वसमाहि' कशासाठी आहे?" आगार म्हणजे आधीच ठेवलेली सवलत. असह्य पीडेने मन आर्तध्यानात जाऊ लागलं, तर समाधी टिकावी म्हणून औषध घेता येतं, असा त्याचा अर्थ. मी लहानपणापासून तो शब्द दरवर्षी ऐकत होते, हात जोडून. अर्थ कधी विचारला नव्हता. आपल्या पूर्वाचार्यांनी मनाच्या शांतीला तपाच्या वर ठेवलं होतं, आणि आम्ही बायका तपाच्या नावाखाली तीच शांती मोडत होतो.

गोळी चालू होती त्या पुढच्या पर्युषणात मी अठ्ठाई केली नाही. आठ एकासणी केली आणि एका बैठकीच्या जेवणासोबत गोळी घेतली. वेळ बदलायची म्हणून आधी डॉक्टरांना विचारून घेतलं. कोणी म्हणालं, "यंदा एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच झेपतं."

मागच्या पर्युषणाआधी शेजारच्या गल्लीतली एक सून स्थानकाच्या पायरीवर चपला घालता घालता हळूच म्हणाली, "काकू, आठ दिवस गोळी नाही घेतली तर चालते का हो?" तिला कुठून कळलं, कोण जाणे. मी तिला तिथेच बाजूला बसवलं. म्हटलं, "बाई, आधी डॉक्टरांना विचार. लगेच भेटत नसतील तर सरकारचा टेली-मानसचा १४४१६ नंबर आहे, तिथे फोन कर. मग महासतीजींना विचार. पच्चक्खाण त्याच्यानंतर."