रोहा : अक्षरं दोन, चार की बारा?

मोबाइलवर ‘रोहा’ लिहा आणि बॅकस्पेस एकदाच दाबा. ‘हा’ जात नाही, नुसता काना जातो, ‘रोह’ उरतं. प्रोग्रॅमिंग शिकताना हा धक्का आणखी मोठा बसतो. या शब्दाची लांबी विचारली तर स्विफ्ट सांगते 2, जावास्क्रिप्ट आणि पायथन 3 सांगतात 4, गो सांगते 12. शब्द उलटा करायला सांगितला तर ‘हारो’ मिळत नाही. आधी लोंबकळणारा काना येतो, मग ‘होर’. मराठीच संगणकाला झेपत नाही, असं वाटायला लागतं.

खरं तर ही तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. प्रत्येकामागे वेगळा इतिहास आहे.

आधी 4. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक तयार झालं, तेव्हा एका बाइटमध्ये 256 जागा होत्या. त्यातल्या निम्म्या इंग्रजीकडे. उरलेल्या 128 मध्ये अख्खी बाराखडी मावणं अशक्य, जोडाक्षरं तर दूरच. म्हणून व्यंजन वेगळं आणि मात्रा वेगळी ठेवली : र, ओकार, ह, काना. 1991 साली आलेल्या युनिकोडने इस्कीच्या 1988 च्या आवृत्तीवरून हीच मांडणी उचलली.

मग 12. 1992 मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी यूटीएफ-8 रचलं. त्यात इंग्रजी अक्षराला 1 बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक खुणेला 3. चार त्रिक बारा. पुढे गो भाषा घडवणाऱ्यांतही हे दोघे होते. ती बाइटच मोजते.

वाचणाऱ्याला दिसणारं अक्षर मोजणं सगळ्यात उशिरा आलं. युनिकोडच्या नियमात ‘क्ष’ एक अक्षर ठरायला 2023 उजाडलं.

हा फरक कळला नाही तर माणसाचं नाव तुटतं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. नावासाठी 30 बाइटांची जागा ठेवली तर इंग्रजीत त्यांचं नाव-आडनाव 21 बाइटांत आरामात बसतं. मराठीत ‘चिंतामणराव’ लिहून होताच तिसाव्या बाइटला जागा संपते. देशमुख बाहेर!

तेव्हा लांबी विचारण्याआधी ठरवा : जागा मोजायची आहे, खुणा की अक्षरं?