अंगठा, सही आणि पुन्हा अंगठा

एकलव्य गुरूवाचून विद्या शिकला आणि अंगठा देऊन बसला. आमच्या कोकणात पुढे उलटा प्रकार झाला. ज्यांना विद्या मिळाली नाही त्यांनी अंगठे दिले, ते सावकाराच्या वहीवर. आणि अंगठ्यामागून जमिनीही गेल्या. अंगठ्याचा हा इतिहास संपला असे मी समजत होतो. पण तो संपलेला नाही, हे मला माझ्या आत्याने शिकवले.

आत्याचे घर पोलादपूरच्या डोंगरात. नाचणी-वरीची शेते, आणि घरोघरचे पुरुष मुंबईला गिरणीत. मी लहानपणी सुट्टीत जाई तेव्हा पोस्टमन येणे हा वाडीतला मोठा प्रसंग असे. मनीऑर्डर आली की आत्याच्या अंगठ्याला शाई लागे, आणि अंगठा खरा म्हणून सांगायला साक्षीदार लागे. मग पत्र. तेही दुसऱ्यानेच वाचायचे, अंगणात, चार माणसांत! काकांचे दुखणे, काकांचे कर्ज, सारे वाडीला आधी कळे आणि आत्या मान खाली घालून ऐके. निरक्षराला पैशांची चणचण तर असतेच, पण त्याला स्वतःचे गुपितही नसते.

या खोऱ्यात अक्षरे कशी शिरली, याचा विचार केला की एक मौजेची गोष्ट दिसते. प्रौढ माणसांना ती बहुधा आपल्यातल्याच माणसांकडून मिळाली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर हे पलटणीतले. १८८६ साली ते निवृत्त झाले आणि दोनच वर्षांनी अस्पृश्यतेविरुद्ध ‘विटाळ विध्वंसक’ लिहून मोकळे झाले. पलटणीत शिकलेले असे महार पेन्शनर दापोली, दासगाव, गोरेगाव या पट्ट्यात पुष्कळ होते. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली आणि हा झराच आटला. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या पेन्शनर पिढीची आवर्जून आठवण काढली होती. चवदार तळ्याच्या पाण्याआधी या मातीत अक्षरांचे पाणी मुरलेले होते, ते असे.

स्वातंत्र्यानंतर दुसरी लाट आली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. एकेक गाव साक्षर करायचे, आणि ते झाले की गावाचा गौरव करायचा, अशी तिची रीत. ही मोहीम पुढे राज्यभर पसरली. आमचा जिल्हा तेव्हा कुलाबा. सातारा जिल्हा आंबेनळी घाटाच्या माथ्यावरच. आत्याही रात्रीच्या वर्गाला गेली. पण धाकट्या दिराचेच गुरुजी समोर उभे! तिला तोंड उघडायची लाज वाटे. शेवटी तिला सही शिकवली ती चौथी शिकलेल्या जावेने, चुलीपुढच्या राखेत बोटाने रेघा ओढून. चुकले की राख सारखी करायची. कोणी पाहिलेले नाही. ज्या दिवशी मनीऑर्डरीवर तिने सही केली, त्या दिवशी साक्षीदार घरी बसला.

साठ वर्षांनी मोबाइल आला. बँकेत, रेशनच्या दुकानात यंत्र आले आणि ते म्हणाले, अंगठा ठेवा! कष्टाने सही शिकलेल्या बाईला पुन्हा अंगठा. तोही लावणीत, कापणीत झिजलेला, यंत्राला उमटेना. कागदावर किती रक्कम निघाली हे दुसऱ्यानेच वाचून सांगायचे. साक्षीदार परत आला होता.

केंद्र सरकारने २०१७ मध्ये ग्रामीण डिजिटल साक्षरतेचे अभियान काढले. उद्दिष्ट सहा कोटी घरांचे, घरटी एक माणूस, वीस तासांचे शिक्षण. काम प्रचंड झाले. २०२४ च्या मार्चअखेर ते थांबले. पण वयाची अट चौदा ते साठ! ऐंशी ओलांडलेल्या आत्याचे नाव त्यात कुठून येणार? त्याआधी २०१५ मध्ये गूगल आणि टाटा ट्रस्ट्स यांनी ‘इंटरनेट साथी’ काढली होती. तिच्यात गावातल्याच बाईने शिकून इतर बायांना शिकवायचे होते. ही कल्पना मला त्या राखेतल्या सहीच्या जवळची वाटते.

आत्याच्या ओटीवर कसलीच योजना नव्हती. दुपारी चार बायका जमत. नातवंडे शिकवायची, पण त्यांची बोटे भराभर चालत आणि “आजी, कितीदा सांगायचं?” हे वाक्य ठरलेले. शेजारची सून मात्र स्वतःच महिन्यापूर्वी शिकलेली; कुठे अडते ते तिला ठाऊक. ती म्हणाली, “काकी, पैसे घ्यायला पिन लागत नाही. किल्ली देणाऱ्याला लागते. घेताना कोणी पिन मागितला, तर समजायचं चोर आहे.” आत्याला हे एकदाच सांगावे लागले. दुसऱ्या आठवड्यात तीच ते पलीकडच्या वाडीतल्या म्हातारीला सांगत होती.

काल शिकलेल्याला आपले अडाणीपण आठवत असते. म्हणून तो चांगला मास्तर. जाणत्या गुरूची गरज आहेच, पण लाज मोडायला बरोबरीचे माणूस लागते.

वडील गेल्यापासून आत्याची भाऊबीज मी पाठवतो. गेल्या वर्षी प्रथमच फोनवरून पाठवली. थोड्या वेळाने तिचाच फोन आला.

“पोचले रे. मीच वाचले,” ती म्हणाली, “कोणाला दाखवायला नाही लागले.”