तोफांसाठी पाडलेली वाट : गाविलगड, डिसेंबर १८०३

परतवाडा मागे पडले आणि चिखलदऱ्याचा घाट लागला की गाडी कण्हू लागते. अचलपूरकरांना या वळणांचे काही वाटत नाही. सुट्टी आली की मंडळी चढतातच. पण याच चढणीवर १८०३ साली वऱ्हाडचा फैसला झाला. त्याची ही हकीकत.

आधी डोंगर समजून घेऊ. हा काळ्या बेसाल्टचा सातपुडा. हिमालयात हिमनद्यांनी कोरलेली सरोवरे सापडतात. इथे हिमनदी नाही, तेव्हा पावसाचे पाणी माणसालाच अडवावे लागले. गाविलगडावरचे देवतलाव, खानतलाव, मच्छी तलाव त्यासाठीच. अहमदशहा बहमनीने १४२५च्या सुमारास गड बांधला आणि १४८८ मध्ये फत्तेउल्ला इमादुलमुल्काने तो मजबूत केला, तेव्हा त्यांनी तटाइतकाच पाण्याचाही विचार केला असणार. ज्या गडाला तहान लागत नाही, त्याला वेढा घालून बसण्यात अर्थ नसतो.

दक्षिणेकडे, म्हणजे अचलपूरच्या बाजूला, उभे कडे. तिथली वाट इतकी लांब आणि तीव्र चढाची की गाडा चढणे अशक्य. उत्तरेला मात्र लबाडा गावाच्या बाजूने गड पठाराला जोडलेला. गडाचे दुबळे अंग तेवढेच. पण तिथे पोहोचायचे तर साऱ्या डोंगराला वळसा हवा, आणि किल्ला फोडणाऱ्या अवजड तोफा तिकडून येतील असे कोणाला वाटणार?

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी अडगावला नागपूरकर भोसल्यांचा पराभव झाला. आर्थर वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन अचलपूरला आले, जखमींसाठी तिथे इस्पितळ उघडले गेले आणि ७ डिसेंबरला दोघे दोन दिशांनी निघाले. वेलस्ली दक्षिणेकडून. स्टीव्हन्सन दामनगावावरून डोंगरात शिरला. पुढचे सुमारे तीस मैल, १२ तारखेपर्यंत, त्याच्या सैनिकांनी दऱ्याखोऱ्यांतून आधी रस्ता पाडला आणि मग त्याच रस्त्यावरून तोफा व दारूगोळा हातांनी ओढत नेला. इतिहासाच्या पुस्तकांत शेवटच्या हल्ल्यालाच पानेच्या पाने मिळतात. माझ्या मते लढाई इथेच जिंकली गेली होती.

१२च्या रात्री लबाड्याजवळ मोर्चे उभे राहिले. त्यांत अठरा पौंडी तोफाही होत्या. दक्षिणेकडून वेलस्लीच्या तोफांनी तटाचा फारसा टवकाही उडाला नाही. उत्तरेकडे १४ तारखेच्या रात्रीपर्यंत बाहेरचा तट आत शिरण्याइतका ढासळला.

१५ला सकाळी हल्ला. बाहेरचा किल्ला लवकर हाती आला, पण आतला तट अभंग होता आणि मधल्या दरीत सैन्य अडकले. अखेर ९४व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून वर चढला आणि आतून दरवाजा उघडला गेला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. गंमत अशी की एवढ्या कष्टाने घेतलेला गाविलगड मात्र नरनाळ्यासह भोसल्यांकडेच राहू दिला गेला.

ब्रिटिशांच्या मनातून त्या कड्यांची धास्ती पुढेही गेली नाही. १८५८ साली तात्या टोपे गड घेतील या भीतीने त्यांनी तटबंदी निकामी करून टाकली. १९७४ मध्ये हा सारा मुलूख मेळघाट व्याघ्र प्रकल्पात गेला आणि पुढे गुगामल राष्ट्रीय उद्यानही झाले.

चिखलदऱ्याहून गडावर जाल तेव्हा एक गोष्ट ध्यानात ठेवा. आज प्रवासी शिरतात ते पठाराच्या बाजूने, जिकडून स्टीव्हन्सनने तट फोडला होता. तेवढ्यावर परतू नका. आतल्या किल्ल्यातून दक्षिण टोकापर्यंत चाला आणि खाली वाकून पाहा. हवा स्वच्छ असेल तर अचलपूरचे मैदान दिसते, आणि वेलस्लीच्या तोफा जिथून काही करू शकल्या नाहीत तो उतारही.