चित्रसंयोजनातील सत्ता आणि तणाव : दाव्हीद व गोया यांच्या दोन चित्रांचा तुलनात्मक अभ्यास

प्रस्तावना :
मानवाकृतिप्रधान चित्रात सत्तेचा आविष्कार केवळ मुकुट, शस्त्रे वा राजवस्त्रे यांतूनच होतो असे नाही. आकृतींची मांडणी, त्यांमधील अंतर, रेषांची दिशा आणि प्रकाशाचे स्थान यांतूनही तो होत असतो. प्रस्तुत लेखात झाक-लुई दाव्हीद याचे 'होराती बंधूंची शपथ' (१७८४) आणि फ्रान्सिस्को गोया याचे '३ मे १८०८' (१८१४) या तैलचित्रांचा या दृष्टीने विचार केला आहे.

शपथेची रांग :
दाव्हीदचे चित्र पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात आहे. डावीकडे रोमसाठी लढण्यास सिद्ध झालेले तीन बंधू, मध्यभागी तीन तलवारी उंचावणारा पिता आणि उजवीकडे शोकाकुल स्त्रिया अशी त्याची त्रिविध विभागणी आहे. पार्श्वभूमीतील तीन कमानी ही विभागणी अधिक दृढ करतात. बंधूंचे ताठ, समांतर हात तलवारींकडे झेपावतात. स्त्रियांच्या देहरेषा मात्र खाली कललेल्या आहेत. त्यांच्यापैकी एकीचा वाग्दत्त वर शत्रुपक्षातील आहे. पुरुषांच्या सरळ रेषा आणि स्त्रियांच्या वक्ररेषा यांच्या विरोधातून कर्तव्य व ममता यांतील तणाव दृश्य होतो. राज्याची आज्ञा येथे उदात्त भासते.

बंदुकांची रांग :
१८०४ मध्ये दाव्हीद नेपोलियनचा प्रमुख चित्रकार झाला. गोयाने रंगविले ते नेपोलियनच्याच सैन्याचे कृत्य. २ मे १८०८ रोजी माद्रिदच्या जनतेने फ्रेंच सैन्याविरुद्ध उठाव केला आणि त्यानंतर पकडलेल्या लोकांना गोळ्या घालण्यात आल्या. सुमारे २६८ × ३४७ सेंटिमीटरचे हे चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. येथेही समांतर रेषांची रांग आहे. परंतु ती उजवीकडील बंदुकांची आहे. सैनिक पाठमोरे असल्याने त्यांचे चेहरे दिसत नाहीत. जमिनीवरील कंदिलाचा प्रकाश मात्र पांढरा सदरा घातलेल्या, हात पसरून गुडघे टेकलेल्या माणसावर पडतो. हा माणूस उभा राहिल्यास सैनिकांहून उंच ठरेल, अशा प्रमाणात तो रंगविला आहे. बंदुकांची टोके व त्याची छाती यांतील अल्प अंतरातच चित्राचा सारा तणाव एकवटला आहे. त्याच्या पुढ्यात रक्ताने माखलेली प्रेते आहेत, तर मागे मृत्यूची वाट पाहणाऱ्यांची रांग. अशा रीतीने एका क्षणाच्या चित्रात आधीचे व नंतरचेही सामावले आहे.

निष्कर्ष :
दोन्ही चित्रांत सामूहिक शक्ती समांतर रेषांच्या पुनरावृत्तीतून व्यक्त होते. दाव्हीदच्या चित्रात त्या रेषांच्या टोकाशी तलवारी आहेत, गोयाच्या चित्रात मनुष्य आहे. एकाच रचनातत्त्वाने सत्तेचा गौरव होऊ शकतो, तसाच तिच्यावर आरोपही ठेवता येतो. रेषा स्वतः पक्ष घेत नाहीत. चित्रकार चेहरा कोणाला देतो आणि कोणाला नाकारतो, यावर त्यांचा अर्थ ठरतो. म्हणूनच ऐतिहासिक चित्राचा अभ्यास करताना विषयाइतकेच संयोजनालाही ऐतिहासिक पुराव्याचे स्थान देणे आवश्यक आहे.