गोठ्यातून आलेली सहिष्णुता

रे ओवेन अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात गुरांचे रक्तगट तपासत. त्यांच्यापुढे एक अजब जोडी आली: एकाच वेताची दोन वासरं, पण बाप निराळे. एक गर्न्सी वळू, दुसरा हेरफर्ड. तरी प्रत्येक वासराच्या अंगात दुसऱ्या वासराच्याही रक्तपेशी होत्या. पोटात असताना अशा वासरांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या जुळतात, हे आधीच ठाऊक होतं. ओवेन यांनी त्यापुढचं पाहिलं. मोठेपणीही परक्या पेशी तयार होतच राहतात आणि शरीर त्यांच्यावर चालून जात नाही. 1945 साली त्यांनी हे छापलं. फारशी कुणी दखल घेतली नाही.

इंग्लंडमध्ये पीटर मेडावर युद्धकाळापासून एकाच प्रश्नामागे होते: भाजलेल्या माणसाच्या अंगावर दुसऱ्याची त्वचा का टिकत नाही? पुढे एकसारखी जुळी वासरं ओळखण्यासाठी त्यांनी आणि रूपर्ट बिलिंगहॅम यांनी वासरांच्या त्वचेची अदलाबदल केली, तर नर-मादी जुळ्यांतसुद्धा ती टिकली! ओवेन यांचं काम हाती आल्यावर उलगडा झाला. मग लेस्ली ब्रेंट यांच्यासह त्यांनी उंदरांच्या गर्भात दुसऱ्या वाणाच्या पेशी टोचल्या. वाढलेल्या त्या तपकिरी उंदरांच्या पाठीवर परक्या त्वचेचे पांढरे केस सुखानं नांदले. हे 1953 मधलं. परक्या पेशी सहन करण्याच्या या सहिष्णुतेसाठी 1960 चं नोबेल मेडावर आणि तिचा सिद्धांत मांडणारे फ्रँक बर्नेट यांना मिळालं. ओवेन त्यात हवेच होते, असं माझं ठाम मत आहे.

प्रत्यारोपणाचा रुग्ण गर्भात नसतो, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या आल्या. जीव वाचले, पण संसर्ग आणि कर्करोगाचा धोका वाढला, काही औषधं तर नव्या किडनीलाच इजा करतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलनं किडनीबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जाही दिली. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालातल्या पाच रुग्णांपैकी एकाची किडनी गेली, चौघांच्या गोळ्या थांबवता आल्या. नवल असं, की वासरांत टिकलेलं मिश्र रक्त इथे काही आठवड्यांतच ओसरलं, तरी किडनी चालत राहिली.

म्हणजे सहिष्णुता राखणारं आणखी काही असणार. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवलेल्या नियामक टी-पेशी प्रतिकारशक्तीला आवर घालतात. त्या कामाला 2025 च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. रुग्णाच्याच रक्तातल्या या पेशी वाढवून परत देण्याच्या चाचण्या किडनी-रुग्णांवर झाल्या आहेत, आणि त्यांतले काही जण टॅक्रोलिमस या एकाच औषधावर राहू शकले.